अपग्रेडनंतर बिल्ड तुटला? आधी पहिला एरर शोधा

ऑक्टोबर छाटणी उरकून पंधराएक दिवस झाले होते. पिंपळगाव बसवंतकडच्या बागांत फुटवे निघाले होते आणि आभाळ भरून येत होतं. अशा दिवसांत द्राक्षवाल्यांच्या घरात एकच शब्द फिरतो, डावणी, म्हणजे ओल्या पानांवर पसरणारा बुरशीचा रोग. त्या रविवारी अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला असलेली एक मुलगी सकाळच्या एसटीनं नाशिकला आली आणि इंदिरानगरला माझ्या घरी पोहोचली. पिशवीत एक जुना लॅपटॉप होता. हा लॅपटॉप एरवी त्यांच्या बागेतल्या खोलीत असतो. बागेतल्या सेन्सरकडून तापमान, आर्द्रता आणि पान किती वेळ ओलं राहिलं याच्या नोंदी तो घेतो, आणि धोका वाढला की तिच्या वडिलांच्या फोनवर मेसेज पाठवतो. आदल्या रात्री तिनं त्याच्यावरचं उबुंटू (लिनक्सवरची एक ऑपरेटिंग सिस्टिम) २२.०४ चं २४.०४ केलं होतं. सकाळी प्रोग्रॅम उठेना. परत इन्स्टॉल करायला गेली तर पानभर लाल अक्षरं.

"दादा, मी कोडमध्ये एक अक्षरसुद्धा बदललं नाहीये," ती म्हणाली. आवाज रडवेला होता. तिचं म्हणणं खरंच होतं.

नव्यानं लिनक्सकडे वळलेल्या मुलामुलींना सगळ्यात जास्त खचवणारी वेळ हीच असते, म्हणून हा लेख सविस्तर लिहितोय. त्या दिवशी आम्ही ज्या क्रमानं गेलो तोच क्रम इथे ठेवला आहे. कमांड उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. टर्मिनलमध्ये टाइप करताना त्या इंग्रजी अक्षरांतच टाइप करायच्या.

कोड तेच, मग तुटलं काय?

प्रोग्रॅम बिल्ड होतो, म्हणजे कोडपासून चालण्याजोगा प्रोग्रॅम बांधला जातो, तेव्हा तुमच्या कोडशिवाय आणखी दोन गोष्टी कामाला लागलेल्या असतात. एक म्हणजे अवजारं: कोडचं यंत्राच्या भाषेत रूपांतर करणारा कंपायलर, पायथन, आणि बांधणीचं काम चालवणारे मेक, सीमेक. दुसरी म्हणजे सिस्टिममधल्या लायब्ररी आणि त्यांच्या हेडर फायली, म्हणजे लायब्ररीत काय काय आहे ते कंपायलरला सांगणाऱ्या फायली. अपग्रेड तुमच्या कोडला हात लावत नाही, पण या दोन्ही गोष्टी बदलून टाकतो. तोच हात, तीच परात, पण पीठ दुसऱ्या गिरणीतून आलं की भाकरी काठाला चिरते, तसंच हे.

उबुंटू २२.०४ मध्ये पायथन ३.१० आहे, २४.०४ मध्ये ३.१२. जीसीसी हा कंपायलर ११ वरून १३ वर गेला, जीलिबसी ही सिस्टिमची मूळ सी लायब्ररी २.३५ वरून २.३९ वर, पीएचपी ८.१ वरून ८.३ वर आणि पोस्टग्रेस हा डेटाबेस १४ वरून १६ वर. एका रात्रीत तुम्ही दोन वर्षं पुढे गेलात. या दोन वर्षांत ज्या गोष्टी "लवकरच काढून टाकू" म्हणून जाहीर झाल्या होत्या, त्या आता खरोखर निघालेल्या आहेत. एवढं ध्यानात आलं की लाल अक्षरांची भीती निम्मी होते, कारण चूक तुमची नसते आणि कारण सापडण्यासारखं असतं.

हात लावण्याआधी

पहिली पायरी म्हणजे थांबणं. घाबरून इंटरनेटवरची दिसेल ती कमांड चिकटवत गेलात, तर तासाभरानं मूळ दुखणं कुठलं आणि आपण लावलेलं कुठलं हे सांगता येत नाही. मी स्वतः सुरुवातीच्या काळात असेच दोन दिवस घालवले आहेत आणि शेवटी सगळी सिस्टिम पुसून नव्यानं टाकली आहे. म्हणून आता आधी एरर फायलीत उतरवून घेतो. तुमची जी कमांड फसते आहे तिच्या शेवटी एवढं जोडा:

२>&१ | टी बिल्ड.लॉग

म्हणजे स्क्रीनवर जे येईल ते सगळं बिल्ड.लॉग या फायलीतही जाईल. सोबत एका कागदावर चार गोष्टी लिहा: आधी कुठली आवृत्ती होती, आता कुठली आहे, पायथन कुठला, जीसीसी कुठला. 'कॅट /ईटीसी/ओएस-रिलीज', 'पायथन३ --व्हर्जन' आणि 'जीसीसी --व्हर्जन' या तीन कमांडमधून शेवटच्या तीन गोष्टी मिळतात. हा कागद पुढे पन्नास वेळा लागतो.

अपग्रेड पुरा झालाय का?

ही पायरी नवखे हमखास गाळतात. अपग्रेड चालू असताना लाइट गेली, लॅपटॉप झोपला किंवा मोबाइलच्या हॉटस्पॉटचा डेटा संपला, तर सिस्टिम अर्धी जुनी आणि अर्धी नवी अशी राहते. अशा सिस्टिमवर कुठलाही बिल्ड नीट होणार नाही, आणि एररमधून खरं कारण दिसणारही नाही. म्हणून क्रमानं या चार कमांड चालवा (डीपीकेजी आणि ॲप्ट ही उबुंटूची पॅकेजेस बसवणारी साधनं):

सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए
सुडो ॲप्ट --फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल
सुडो ॲप्ट अपडेट
सुडो ॲप्ट फुल-अपग्रेड

शेवटची कमांड 'होय की नाही' विचारते तेव्हा काय काय काढून टाकणार आहे ती यादी वाचा. घाईत वाय दाबू नका. आणि 'डीएफ -एच' करून डिस्कवर जागा आहे ना तेही बघा, विशेषतः /बूट वेगळं असेल तर. जागा संपल्यानं तुटलेले बिल्ड मी बरेच पाहिले आहेत आणि त्यांचे एरर फार विचित्र दिसतात.

दुसरी गोष्ट बाहेरच्या रिपॉझिटरींची, म्हणजे उबुंटूच्या नसलेल्या, इंटरनेटवरच्या पॅकेजेसच्या कोठारांची. उबुंटूचा अपग्रेड सुरू होतो तेव्हा तो तुम्ही जोडलेले पीपीए (इतरांनी चालवलेली अशी कोठारं) आणि इतर बाहेरचे स्रोत बंद करतो. पण त्यांतून आधी आलेली पॅकेजेस तशीच बसून राहतात. मग असं होतं: पोस्टग्रेसची लायब्ररी लिबपीक्यू५ बाहेरच्या स्रोतातून आलेली, नव्या आवृत्तीची, तुम्ही उबुंटूकडून लिबपीक्यू-डेव्ह मागता, त्याला हवी असते अगदी त्याच आवृत्तीची लिबपीक्यू५. ॲप्ट म्हणतो, अवलंबित्व जुळत नाही, आणि हात वर करतो. अशा वेळी 'ॲप्ट-कॅश पॉलिसी लिबपीक्यू५' चालवा. कुठली आवृत्ती बसलेली आहे आणि कुठल्या स्रोतातून कुठली मिळू शकते, दोन्ही दिसतं. मग एक तर तो बाहेरचा स्रोत २४.०४ साठीचा करून परत चालू करायचा, किंवा पॅकेज उबुंटूच्या आवृत्तीवर आणायचं. 'ॲप्ट-मार्क शोहोल्ड' चालवून एखादं पॅकेज पूर्वी कुणी अडकवून ठेवलंय का तेही पाहून घ्या.

पहिला एरर

आता या लेखातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. बिल्ड फसला की नजर शेवटच्या ओळीवर जाते, कारण तीच डोळ्यांसमोर असते. पिपची (पायथनची पॅकेजेस बसवणारं साधन) शेवटची ओळ सांगते की व्हील (बांधून तयार झालेलं पॅकेज) बनवता आलं नाही. मेकची शेवटची ओळ सांगते 'एरर २'. या ओळी म्हणजे फक्त निरोप: आत कुठेतरी काम अडलं, म्हणून मीही थांबलो. त्या ओळी गुगल केल्या तर हजार उत्तरं मिळतात आणि त्यातलं तुमचं एकही नसतं, कारण हजार वेगवेगळ्या कारणांनी ती एकच ओळ येते.

खरं कारण वर असतं. कंपायलरला एक हेडर सापडली नाही की त्यातले सगळे प्रकार त्याला अनोळखी होतात, आणि मग त्या प्रत्येक प्रकारासाठी तो वेगळा एरर देतो. दोनशे एररपैकी एकशे नव्याण्णव त्या पहिल्याची पिल्लं असतात. म्हणून लॉगमध्ये वरून खाली या:

ग्रेप -एन -आय एरर बिल्ड.लॉग | हेड

ओळ क्रमांकासह पहिले दहा उल्लेख दिसतील. त्यातला पहिला खरा एरर धरा, फाइल उघडून त्याच्या वरच्या वीस ओळी वाचा. तुम्ही 'मेक -जे८' असं एकाच वेळी आठ कामं लावून बिल्ड करत असाल, तर आठांचं बोलणं एकमेकांत मिसळतं. तेव्हा 'मेक -जे१' करून परत चालवा. वेळ जास्त लागेल, पण लॉग सरळ येईल.

तिच्या लॉगमध्ये शेवटच्या चाळीस ओळी पिपच्या होत्या. वर चढत गेलो तेव्हा एक छोटी ओळ सापडली: मॉड्यूलनॉटफाउंडएरर, नो मॉड्यूल नेम्ड डिस्टयुटिल्स. बस्स, तिथेच होतं सगळं.

डिस्टयुटिल्स आणि पिपची वेगळी खोली

डिस्टयुटिल्स हा पायथनसोबत येणारा, पॅकेजेस बांधण्याचा जुना भाग. पायथन ३.१० पासून त्यावर 'हा जाणार आहे' अशी पाटी होती आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये आलेल्या ३.१२ मधून तो काढून टाकला. त्याच वेळी आयएमपी हे मॉड्यूलही गेलं, आणि नव्या व्हेन्व्हमध्ये (एका प्रोजेक्टपुरत्या पायथन पॅकेजेसचा वेगळा फोल्डर) सेटअपटूल्स (पॅकेजेस बांधण्याचं साधन) आपोआप येणं बंद झालं. त्यामुळे ३.१० वरून थेट ३.१२ वर उडी मारणाऱ्यांना हे सगळे धक्के एकदमच बसतात.

इंटरनेटवर या एररवर बहुतेक ठिकाणी एकच उपाय असतो: पिप इन्स्टॉल सेटअपटूल्स. तिनंही सकाळीच तो करून पाहिला होता आणि काही फरक पडला नव्हता. का पडला नाही, हे समजून घेण्यासारखं आहे. पिप एखादं पॅकेज बांधायला घेतो तेव्हा ते तुमच्या व्हेन्व्हमध्ये बांधत नाही. त्यासाठी तो एक तात्पुरती, वेगळी खोली तयार करतो आणि त्या पॅकेजनं स्वतःच्या पायप्रोजेक्ट.टॉमल फायलीत मागितलेली अवजारंच तिथे आणतो. तिच्या रिक्वायरमेंट्स.टीएक्सटी या पॅकेजेसच्या यादीत नमपाय (आकडेमोडीची लायब्ररी) १.२४ ठरवून दिलेलं होतं. ते नमपाय बांधताना सेटअपटूल्स ५९.२.० च मागतं, आणि ते सेटअपटूल्स पायथनच्या आतल्या डिस्टयुटिल्सवर विसंबतं. तुम्ही बाहेर कितीही नवं सेटअपटूल्स टाकलं तरी त्या खोलीत ते जातच नाही.

उपाय सोपा निघाला. नमपाय १.२६ ही पायथन ३.१२ ला आधार देणारी पहिली मालिका, आणि तिची ३.१२ साठी तयार व्हील मिळते, म्हणजे बांधायची गरजच राहत नाही. यादीत १.२४ च्या जागी १.२६.४ लिहिलं. थेट २.० मालिकेवर का नाही गेलो? जून २०२४ मध्ये आलेल्या २.० नं बरीच जुनी नावं काढली आहेत, आणि आपल्याला आत्ता फक्त बाग परत चालू करायची आहे. तुटलेल्या दिवशी कमीत कमी बदल करावा, मोठी सुधारणा निवांत दिवशी करावी, असं माझं ठाम मत आहे.

तुमच्या यादीतल्या कुठल्या पॅकेजला तयार व्हील नाही हे पटकन कळायला एक युक्ती आहे:

पिप इन्स्टॉल --ओन्ली-बायनरी=:ऑल: -आर रिक्वायरमेंट्स.टीएक्सटी

यात पिपला काहीही बांधायची मनाई असते. ज्या पॅकेजपाशी तो अडतो, त्याची नवी आवृत्ती शोधायची. अर्ध्या तासाचं कंपायलरशी भांडण यात वाचतं.

जुनं व्हेन्व्ह दुरुस्त करू नका

तिचा प्रोग्रॅम सकाळी मुळात उठला का नव्हता, हा आणखी वेगळा मुद्दा. व्हेन्व्हमधला पायथन हा बहुतेक वेळा सिस्टिमच्या पायथनकडे बोट दाखवणारा दुवा असतो. अपग्रेडनंतर तो दुवा ३.१२ कडे गेला, पण पॅकेजेस सगळी 'लिब/पायथन३.१०' या फोल्डरमध्ये. ३.१२ तिकडे बघतच नाही, म्हणून एकेका मॉड्यूलबद्दल 'सापडलं नाही' म्हणतो. ते फोल्डरचं नाव बदलून ३.१२ करायचा मोह होतो. करू नका; आतल्या कंपाइल केलेल्या फायली ३.१० साठीच्या असतात.

व्हेन्व्ह ही फेकायची वस्तू आहे. जपायची असते ती यादी, रिक्वायरमेंट्स.टीएक्सटी. जुना फोल्डर बाजूला सरकवा, 'पायथन३ -एम व्हेन्व्ह .व्हेन्व्ह' करून नवा बनवा आणि यादीवरून परत भरा. यादीच ठेवली नसेल, तर जुन्या फोल्डरमधल्या साइट-पॅकेजेसमध्ये 'डिस्ट-इन्फो' नं संपणारे फोल्डर बघा. त्यांच्या नावातच पॅकेज आणि आवृत्ती दोन्ही असतात. त्यावरून यादी तयार होते.

व्हेन्व्हशिवाय थेट पिप चालवलंत, तर २४.०४ तुम्हाला 'एक्स्टर्नली मॅनेज्ड एन्व्हायर्नमेंट' असं सांगून अडवेल. २२.०४ अडवत नव्हतं. ही अडवणूक तुमच्या भल्याची आहे. एररमध्येच '--ब्रेक-सिस्टम-पॅकेजेस' असा पर्याय सुचवलेला दिसतो. त्याचं नावच काय होणार ते सांगतं. व्हेन्व्ह बनवायला दहा सेकंद लागतात, ते बनवा.

आणि एक कळकळीची विनंती. /यूएसआर/बिन/पायथन३ हा दुवा जुन्या पायथनकडे वळवू नका. सातपूरला कामाला असलेल्या एका मुलानं हे केलं होतं. त्याचा प्रोग्रॅम चालला, पण दुसऱ्या दिवशी टर्मिनलची खिडकीच उघडेना, आणि ॲप्टची निम्मी साधनं मोडली. उबुंटूची स्वतःची बरीच साधनं त्या पायथनवर उभी असतात. त्याला कंट्रोल-ऑल्ट-एफ३ दाबून मजकुराच्या स्क्रीनवर जायला लावलं, तिथे लॉगिन करून दुवा परत जागेवर ठेवला, तेव्हा गाडी रुळावर आली.

हेडर सापडत नाही

लॉगमध्ये 'फेटल एरर', मग एखादं नाव ज्याच्या शेवटी .एच, आणि 'नो सच फाइल' असं दिसलं तर खूश व्हा. सगळ्यात सोपा प्रकार हा. उबुंटूवर लायब्ररी आणि तिच्या हेडर वेगवेगळ्या पॅकेजमध्ये असतात, आणि हेडरच्या पॅकेजचं नाव सहसा -डेव्ह नं संपतं. पायथन.एच नसेल तर पायथन३-डेव्ह, एफएफआय.एच नसेल तर लिबएफएफआय-डेव्ह, ओपनएसएसएलची हेडर नसेल तर लिबएसएसएल-डेव्ह. पीजी-कॉन्फिग सापडत नाही म्हटलं तर लिबपीक्यू-डेव्ह, आणि मायएसक्यूएल-क्लायंट अडला तर डिफॉल्ट-लिबमायएसक्यूएलक्लायंट-डेव्ह आणि पीकेजी-कॉन्फिग. कंपायलरच नसेल तर बिल्ड-इसेन्शियल.

"पण माझ्याकडे डेव्ह पॅकेज आधीपासून होतं," असं पुष्कळ जण म्हणतात. बघा, तुम्ही पायथन३.१०-डेव्ह असं आकड्यासह टाकलेलं होतं का? तसं असेल तर ३.१२ ची हेडर आपोआप येत नाही. आकडा नसलेलं पायथन३-डेव्ह टाका, म्हणजे ते सिस्टिमच्या पायथनबरोबर पुढे सरकत राहील. नाव माहीत नसलेल्या फायलीसाठी ॲप्ट-फाइल हे साधन आहे: ते इन्स्टॉल करा, 'सुडो ॲप्ट-फाइल अपडेट' करा आणि 'ॲप्ट-फाइल सर्च' पुढे फायलीचं नाव द्या. फाइल कुठल्या पॅकेजमध्ये आहे ते सांगतं.

नवा जीसीसी जास्त काटेकोर आहे

नमपाय बसलं, तिचा चेहरा जरा खुलला, आणि पुढचा अडथळा आला. सेन्सरकडून येणारे आकडे वाचायला तिनं सी++ मध्ये एक छोटा प्रोग्रॅम लिहिला होता, दीडशे ओळींचा. मेक केलं तर पंचवीस-तीस एरर. या वेळी मी काही बोललो नाही. ती स्वतःच वर चढत गेली आणि पहिल्या एररवर बोट ठेवलं: यूइंट१६_टी हे कुठल्या प्रकाराचं नाव नाही. त्याच्याच खाली जीसीसीनं लिहिलेली टीप होती, की हा प्रकार सीएसटीडीइंट या हेडरमध्ये आहे, ती जोडायची राहिली आहे का?

कारण असं. सी++ च्या मानक हेडर एकमेकींना आतून बोलावतात. पूर्वी तुम्ही स्ट्रिंग वगैरे जोडलं की सीएसटीडीइंट आपोआप आत यायची. जीसीसी १३ मध्ये ही आतली ये-जा कमी केली. कोडमध्ये चूक पहिल्यापासून होती, जुना जीसीसी ती सांभाळून घेत होता. फायलीच्या वर एक ओळ लिहिली, #इन्क्लूड <सीएसटीडीइंट>, आणि सगळे एरर एकदम गेले. कंपायलरच्या टिपा वाचत जा. गेल्या काही वर्षांत त्या फार चांगल्या झाल्या आहेत आणि बऱ्याचदा उत्तर तिथेच लिहिलेलं असतं.

जीसीसीचे आणखी दोन टप्पे ठाऊक असावेत. १० पासून, सी मध्ये एकच ग्लोबल व्हेरिएबल 'एक्स्टर्न' न लिहिता दोन फायलींत घोषित केलेलं चालत नाही. लिंकर (कंपाइल झालेले तुकडे जोडणारं साधन) 'मल्टिपल डेफिनिशन' म्हणतो. कोड दुसऱ्याचं असेल आणि घाई असेल, तर -एफकॉमन हा फ्लॅग देऊन तात्पुरतं निभावता येतं. १४ पासून, न घोषित केलेलं फंक्शन सी मध्ये वापरलं तर आधी फक्त इशारा मिळायचा, आता थेट एरर मिळतो. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ मध्ये जीसीसी १४ च आहे, त्यामुळे तिकडे जाणाऱ्यांना हे भेटेल. मेकफाइलमध्ये -डब्ल्यूएरर लिहिलेलं असेल, तर नव्या कंपायलरचा प्रत्येक नवा इशारा बिल्ड पाडतो. दुसऱ्याचं जुनं पॅकेज बांधताना तो काढून बघायला हरकत नाही. पण स्वतःच्या कोडमध्ये इशारा दाबू नका, दुरुस्त करा.

सीमेकचंही एक सांगतो. मार्च २०२५ मध्ये आलेल्या सीमेक ४.० नं ३.५ च्या आधीच्या आवृत्त्यांशी जुळवून घेणं सोडलं. उबुंटू २४.०४ मधला सीमेक ३.२८ आहे, म्हणून वाटतं आपल्याला काय त्याचं. पण पिपची ती वेगळी खोली आठवा. तिथे पॅकेजनं सीमेक मागितला तर पिप सगळ्यात नवा आणतो आणि जुनं पॅकेज तिथे अडतं. तेव्हा सीमेक_पॉलिसी_व्हर्जन_मिनिमम हा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल, अर्थातच कॅपिटल अक्षरांत, ३.५ ठेवून परत चालवा.

जुना मलबा

लिंकरचे एरर, म्हणजे 'अनडिफाइन्ड रेफरन्स' वगैरे, दिसले तर आधी बिल्ड फोल्डर पूर्ण पुसून नव्यानं बांधा. जुन्या कंपायलरनं बनवलेल्या .ओ फायली तिथे पडलेल्या असतात आणि सीमेकची कॅश फाइल अजून अपग्रेडच्या आधीचे रस्ते धरून बसलेली असते. 'मेक क्लीन' वर मी भरवसा ठेवत नाही, फोल्डरच काढतो.

बिल्ड होतो पण चालवताना 'शेअर्ड ऑब्जेक्ट उघडता येत नाही' म्हणतो, तेव्हा 'एलडीडी' पुढे प्रोग्रॅमचं नाव द्या. ज्या ओळीत 'नॉट फाउंड' आहे ती लायब्ररी हरवली आहे. उदाहरणार्थ आयसीयू ही लायब्ररी २२.०४ मध्ये ७० क्रमांकाची होती, २४.०४ मध्ये ७४. ७० वर बांधलेला प्रोग्रॅम ७४ वर चालत नाही, तो परत बांधावा लागतो. कुठून तरी जुनी .डेब फाइल उतरवून बसवायचा सल्ला मिळेल. त्या लायब्ररीला पुढे सुरक्षेचे अपडेट येणार नाहीत, आणि पुढच्या अपग्रेडला तीच आडवी येईल.

वाय-फाय किंवा ग्राफिक्सचा ड्रायव्हर गेला असेल तर तोही बिल्डचाच प्रश्न आहे, फक्त कर्नलसाठीचा, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्यासाठीचा. 'डीकेएमएस स्टेटस' बघा; डीकेएमएस हे नव्या कर्नलसाठी ड्रायव्हर परत बांधणारं साधन. फसलेल्या ड्रायव्हरचा लॉग /व्हार/लिब/डीकेएमएस च्या आत, त्याच्या बिल्ड फोल्डरमध्ये मेक.लॉग नावानं असतो. लिनक्स-हेडर्स-जेनेरिक आहे ना ते तपासा, आणि त्या ड्रायव्हरची नवी आवृत्ती शोधा. वाय-फायच गेलं असेल तर फोन केबलनं जोडून यूएसबी टेदरिंग चालू करा, इंटरनेट मिळतं.

जुनंच हवं असेल तर

कधी कधी पॅकेजला नवी आवृत्तीच नसते. लिहिणाऱ्यानं ते सोडून दिलेलं असतं आणि तुमचं सबमिशन चार दिवसांवर असतं. तेव्हा सिस्टिम मागे नेण्यापेक्षा जुनं वातावरण बाजूला उभं करा. पायथनपुरता प्रश्न असेल तर यूव्ही हे साधन सोयीचं आहे, 'यूव्ही व्हेन्व्ह --पायथन ३.१०' म्हटलं की तो पायथन स्वतः आणून देतो. डेडस्नेक्स या पीपीएवरूनही जुने पायथन मिळतात, आणि ते सिस्टिमच्या पायथनला धक्का न लावता शेजारी बसतात. सी किंवा सी++ चं मोठं प्रकरण असेल तर डॉकर किंवा पॉडमनमध्ये उबुंटू २२.०४ चा कंटेनर, म्हणजे तुमच्या सिस्टिमच्या आत वेगळं ठेवलेलं जुनं वातावरण, चालवा. २२.०४ ला २०२७ पर्यंत नेहमीचा आधार आहे, तेवढ्यात कोड सावकाश पुढे आणता येतं.

मदत मागताना

मला व्हॉट्सॲपवर रोज स्क्रीनचे तिरके फोटो येतात, आणि त्यात नेमक्या शेवटच्या दहा ओळी असतात. तुम्हाला मदत लवकर मिळावी असं मनापासून वाटतं, म्हणून सांगतो: फोटो नको, मजकूर पाठवा. पहिला एरर आणि त्याच्या आगेमागे वीस ओळी. जुनी आणि नवी आवृत्ती. तुम्ही चालवलेली नेमकी कमांड. आणि आतापर्यंत काय काय करून पाहिलं ते, न लाजता, सगळं. पाठवण्याआधी मजकुरात पासवर्ड किंवा गुप्त की गेलेली नाही ना, ते एकदा बघा.

पुढच्या अपग्रेडच्या आधी

यासाठी तिनं मला वेगळं विचारलं, तेव्हा तिच्या वहीत एवढं लिहून दिलं. प्रत्येक व्हेन्व्हमध्ये 'पिप फ्रीझ' ची यादी फायलीत घ्यायची. 'ॲप्ट-मार्क शोमॅन्युअल' ची यादी घ्यायची, म्हणजे स्वतःहून टाकलेली पॅकेजेस कळतात. टाइमशिफ्टनं सिस्टिमचा स्नॅपशॉट घ्यायचा, आणि टाइमशिफ्ट मुळात सिस्टिमच्या फायलींसाठी असल्यानं स्वतःचं कोड आणि नोंदी पेनड्राइव्हवर वेगळ्या ठेवायच्या. अपग्रेड आधी कॉलेजच्या लॅपटॉपवर करून प्रोग्रॅम तिथे चालवून बघायचा, मग बागेतल्या लॅपटॉपवर. आणि छाटणीनंतरचे दोन महिने बागेतल्या लॅपटॉपला हात लावायचा नाही. हा शेवटचा मुद्दा तिनं स्वतः लिहिला.

दुपारी दोनच्या सुमारास प्रोग्रॅम उठला. तिनं रीडमी फायलीत तारीख घालून लिहिलं: उबुंटू २४.०४, पायथन ३.१२, नमपाय १.२६.४, सीएसटीडीइंट जोडलं. मग चाचणी म्हणून एक मेसेज सोडला. दोन मिनिटांत वडिलांचा फोन आला. पान सकाळपासून ओलंच आहे, ते म्हणत होते, लॅपटॉप संध्याकाळपर्यंत बागेत पोहोचेल ना? ती तीनची एसटी धरायला निघाली.